वाचून द्या, अर्जंट आहे

मागच्या आठवड्यात रात्री पावणेबाराला फोन वाजला. अनोळखी नंबर, एक फोटो आणि खाली तीन शब्द : ‘वाचून द्या. अर्जंट.’ फोटो आडवा. कागद लॅमिनेट केलेला, त्यावर ट्यूबलाइटची लखलखीत पट्टी आणि त्या पट्टीखाली मधल्या चार ओळी गडप. उजव्या कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा. नमस्कार नाही, नाव नाही, गाव नाही. मी विचारलं, ‘आपण कोण?’ उत्तर आलं, ‘ताई, तुम्हाला मोडी येते ना?’

मोडी म्हणजे जुने मराठी कागद जिच्यात लिहिलेले असतात ती लिपी. येते. म्हणजे बऱ्यापैकी येते. अमळनेरला ग्रंथपाल म्हणून नोकरी केली, निवृत्तीच्या आधी दहा दिवसांचा मोडीचा वर्ग केला आणि तेव्हापासून हा नाद लागला. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या असल्या नादिष्टांचा आमचा एक ग्रुप आहे. त्यात एक निवृत्त तलाठी आहेत, चोपड्याचे एक मेडिकलवाले आहेत, शिरपूरचा इंजिनिअरिंगचा एक पोरगा आहे. माणसं काही शे, पण नेमाने वाचणारे दहा-बारा. दुपारी कुणी शब्दकोडं सोडवतं, आम्ही कुणाच्या तरी पणजोबांचा कर्जरोखा सोडवतो. एखादं अक्षर दोन दिवस लागत नाही आणि मग भाजी चिरताना एकदम लागतं. तेव्हाचा आनंद ज्यानं घेतलाय त्यालाच कळेल.

सप्टेंबर २०२३ मध्ये शासनानं न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठा आरक्षणाच्या प्रश्नासाठी कुणबी नोंदी शोधायला राज्यभर जुनी दप्तरं उघडली गेली. गाव नमुना नंबर १४, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक, हे नाव तोवर फारसं कुणाला माहीत नव्हतं. ते पानाच्या टपरीवर ऐकू येऊ लागलं. यातली कितीतरी दप्तरं मोडीत. ज्या लिपीला ‘मेलेली’ म्हणून लोक हसायचे, ती वाचणाऱ्याला एकाएकी भाव आला आणि आमच्या ग्रुपचं रूप पालटलं. पूर्वी आठवड्याला दोन कागद यायचे, आता सकाळी चहा होईस्तोवर पाच येतात. त्यातल्या चारांवर लिहिलेलं असतं, ‘वाचून द्या.’

यावर आमच्यातले काही जण चिडतात. ‘शिकायला नको, कष्ट नको, सगळं तयार ताटात पाहिजे.’ ‘ही शिकवण्याची जागा आहे, वाचनालय नाही.’ ‘दहा दिवसांचा वर्ग करा आणि स्वतः वाचा.’ हे वाचलं की मला आमच्या गावचे मास्तर आठवतात. माझ्या लहानपणी मुंबईहून किंवा सुरतेहून पत्र आलं की म्हाताऱ्या बायका ते पदरात बांधून मास्तरांच्या ओट्यावर यायच्या. ‘मास्तर, फुरसत शे का?’ मास्तर जेवत असले तर बाई ओट्यावर बसून राहायची. मग मास्तर वाचायचे, बाई मध्येच डोळे पुसायची, ‘आता तो परत वाचा, पैशांचा भाग,’ म्हणायची. जाताना ओट्यावर मूठभर शेंगा ठेवून जायची. मास्तरांनी एकाही बाईला ‘आधी अक्षरओळख करून घ्या’ असं सांगितलेलं मला आठवत नाही.

तेव्हा तयार मागणं यात मला पाप दिसत नाही. पारोळ्याच्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरात एकच मोडी कागद आहे. त्या एका कागदासाठी त्यानं पूर्ण लिपी शिकावी, पेशवेकाळातलं वळण वेगळं आणि इंग्रजी अमदानीतलं वेगळं हे कळून घ्यावं, ही अपेक्षा म्हणजे एक चपाती मागणाऱ्याला गहू पेरायला सांगण्यासारखी आहे. शिकण्याची हौस ज्याला आहे तो आपोआप शिकतो. बाकीच्यांनी विचारावं आणि आम्ही सांगावं.

माझं भांडण निराळ्याच गोष्टीशी आहे.

इतिहासाचार्य राजवाडे आयुष्यभर गावोगाव फिरले ते असल्याच कागदांसाठी. ३१ डिसेंबर १९२६ ला ते आमच्या धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी तिथं त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड त्यांनी काढले. ते खंड घरी बसून निघाले नाहीत. कुणाच्या माळ्यावर दप्तर आहे, कुणाच्या कोठीत रुमाल बांधून ठेवलेत, हे हुडकत ते दारोदार गेले. त्या काळी वाचणारा याचक होता आणि कागदवाला वरचढ. कागद दाखवायचा की नाही, ही त्याची मर्जी.

आज तोच कागद आपणहून माझ्या फोनवर येतो. गणित उलटलं, असं आमच्यातल्या चिडणाऱ्यांना वाटतं : आता आपण दाते आणि समोरचे मागते. मला तसं वाटत नाही. समोरचा माणूस रिकाम्या हातानं आलेला नाही. ज्या कागदासाठी राजवाड्यांनी पायपीट केली असती तो कागद तो घेऊन आलाय. मास्तरांच्या ओट्यावरच्या शेंगा त्या कागदातच आहेत. आम्हाला दुसरं काही नको. धन्यवादाचे हात जोडलेले चित्रसुद्धा नको. पण कागद आणायचा तर पुरा आणा. आणि दिलेला परत ओढून नेऊ नका.

नेमकं हेच होत नाही. कागद कापून येतो, चोरून येतो आणि काम झालं की पुसला जातो.

कापण्याची गोष्ट सांगते, कारण तीत माझीच नामुष्की आहे. दोनेक वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी मला एकटीला फोटो पाठवला. चार बोटं रुंदीची पट्टी. ‘फक्त तारीख सांगा ताई, बाकी आम्ही बघतो.’ रात्री साडेअकरा वाजलेले. मी वाचलं : शके १७११, मग ‘शुक्ल’, पुढचं त्यांच्या अंगठ्याखाली. सतराशे अकरामध्ये अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन १७८९. शुक्ल म्हणजे शुक्ल पक्ष, तिथी अंगठ्याखाली असेल. कळवून टाकलं आणि झोपले.

महिन्याभरानं त्याच कागदाचा पूर्ण फोटो आमच्या ग्रुपवर आला, त्यांच्याच भाऊबंदांपैकी कुणीतरी टाकलेला. घरच्या कुलदैवताच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर तोवर छापून झालं होतं : ‘आमच्या घराण्याची पेशवेकालीन सनद’. कागदाच्या वरच्या बाजूला चांगला ठसठशीत व्हिक्टोरिया राणीच्या तोंडाचा स्टॅम्प. तलाठी नानांनी पाचच मिनिटांत लिहिलं : ‘ते १७११ नाही, १७९१ आहे. घाईच्या हातात एक आणि नऊ सारखेच दिसतात. आणि शुक्ल हा पक्ष नाही, संवत्सर आहे, पुढे नाम संवत्सरे लिहिलंय बघा. शके १७११ ला सौम्य संवत्सर होतं.’ संवत्सर म्हणजे शकातल्या वर्षाचं नाव आणि या नावांचं चक्र साठ वर्षांचं. ऐंशी वर्षांच्या अंतरावर तेच नाव येऊच शकत नाही. म्हणजे कागद १८६९चा. आणि सनद कसली, पणजोबांच्या वडिलांनी सावकाराकडे शेत गहाण टाकल्याचं गहाणखत होतं ते.

चूक माझी, शंभर टक्के. नुसत्या वळणावरूनही मला शंका यायला हवी होती. पण त्या गृहस्थांनी स्टॅम्प का कापला होता? मी नंतर विचारलं. म्हणाले, ‘त्यावर काही लिहिलेलं नव्हतं ना ताई, तुम्हाला त्रास नको म्हणून.’ खरंच भला माणूस. त्याला वाटलं, वाचायची ती अक्षरं. कागद वाचायचा असतो हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. आम्हीही नाही.

मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि तिला लटकलेली अक्षरं, शक्य तोवर हात न उचलता, ओळीच्या टोकापर्यंत धावत जातात. ह्रस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही. त्यामुळे वाचणारा अक्षर कमी आणि आजूबाजूचं जास्त वाचतो. ‘जिल्हा पूर्व खानदेश’ असं दिसलं की कळतं, कागद १९०६ नंतरचा, कारण त्या साली खानदेशचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे झाले. (एकानं घाबरून विचारलं होतं, ‘आमचं गाव नंदुरबार जिल्ह्यात आणि कागदावर नुसतं खानदेश लिहिलंय, कागद बनावट तर नाही?’ नंदुरबार जिल्हाच मुळी १९९८चा.) गावाच्या नावापुढे ‘बु॥’ आहे की ‘खु॥’ यावर मोठं वाघोदे की लहान वाघोदे हे ठरतं. आणि नेमकी ती दोन दांड्यांची खूण फोटोच्या कडेला अर्धी कापली गेलेली असते.

घडीचं तर विचारूच नका. जुना कागद घडीवरच विरतो. समजा ओळ अशी आहे : ‘सखाराम’, मग घडीत गेलेली दोनेक अक्षरं, मग ‘भाऊ पाटील’. घडीत ‘बिन’ असेल तर सखाराम हा भाऊ पाटलाचा मुलगा. ‘व’ असेल तर सखाराम आणि भाऊ अशी दोन माणसं, कदाचित सख्खे भाऊ, निम्म्या-निम्म्या हिश्शाचे. काहीच नसेल तर ‘भाऊ’ हा नुसता मानाचा शब्द. तीन वाचनं, तीन वेगळ्या वंशावळी, आणि शेतीचे तीन वेगळे हिशोब. मग समोरचा म्हणतो, ‘तुम्ही नक्की काय ते एक सांगा.’ नक्की काय ते त्या घडीत आहे, दादा. ती घडी ओल्या बोटानं सपाट करू नका, लॅमिनेट तर त्याहून करू नका. खिडकीपाशी उजेडात धरा आणि परत फोटो काढा.

तयार उत्तर मागणाऱ्याला हे माहीत नसतं की उत्तर तयार नसतंच. आम्ही जे देतो तो अंदाज असतो. चांगला अंदाज, दहा जणांनी घासलेला, पण अंदाज. मास्तर पत्र वाचायचे तेव्हा पत्र धडधडीत बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत लिहिलेलं असायचं. इथं तसं नाही. आणि आमच्या वाचनाची प्रिंट काढून माणूस तहसीलला जातो. तिथला बाबू विचारतो, ‘हे कुणी वाचलं?’ माणूस म्हणतो, ‘व्हॉट्सअॅपवर एक ताई आहेत.’

आता चोरून येण्याचं. एकटीला मेसेज करू नका, ग्रुपवर टाका, हा आमचा आवडता नियम. कारण वर सांगितलंच : त्या गृहस्थांनी पट्टी ग्रुपवर टाकली असती तर नानांनी मला त्याच रात्री पकडलं असतं. इतके दिवस मी हा नियम दंडुक्यासारखा वापरायचे. मग यावलच्या एका बाईंनी मला सुनावलं. म्हणाल्या, ‘ताई, तुमच्या ग्रुपमध्ये माझे दोन चुलत दीर आहेत. वाटणीचा कागद तिथं टाकू?’

मी गप्प झाले. ग्रुपवर टाकायचं नाही, नावं कापायची, गावाचं नाव झाकायचं, काम झालं की पुसून टाकायचं. यातलं अर्धंअधिक मला उद्धटपणा वाटत होतं, ती निव्वळ भाऊबंदकीची भीती होती. खानदेशात राहून मला हे आधी सुचू नये, याची लाजच वाटली. आपल्याकडे बांधावरून कोर्टात गेलेली घरं गल्लीगल्लीत आहेत.

पण मग त्या बाईंना काय सांगायचं? मी सांगितलं ते कठोर वाटेल, तरी अजून मला तेच पटतं. ज्या कागदात पैसा किंवा जमीन अडकली आहे, जो चार लोकांत दाखवता येत नाही, तो हौशी लोकांकडे आणूच नये. पैसे घेऊन, सहीशिक्क्यानिशी लिप्यंतर करून देणारी जाणकार माणसं आहेत. पानामागे ते जे काही घेतात ते वकिलाच्या एका तारखेपेक्षा जड नसतं. त्यांची सही असते, म्हणजे चुकले तर त्यांना विचारता येतं. मला कुणाला विचारता येईल? मी रात्री साडेअकराला चष्मा शोधत वाचलेलं असतं. फुकट मिळतंय म्हणून हौशी माणसाकडून कोर्टाचं काम करून घेण्यात वाचणाऱ्याचा वेळ जातो, तो जाऊ द्या. बुडतो तो मागणारा. यावलच्या बाईंना राग आला असावा. नंतर त्यांचा मेसेज नाही.

पुसण्याचा मात्र मला मनापासून राग आहे आणि तो मी लपवणार नाही. कागद येतो, आम्ही सहा जण तीन दिवस भांडतो, एक शब्द ‘दस्त’ आहे की ‘दस्तक’ यावर रात्र जाते, शेवटी लागतो. सकाळी बघावं तर फोटो गायब. ‘हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.’ वर आमची उत्तरं लोंबकळत, कशाची ते कळत नाही. शिरपूरचा पोरगा अशाच कागदांवर शिकला. मी स्वतः अशाच कागदांवर शिकले. सुहूर सन ही जुन्या दप्तरांतली एक कालगणना; तिचे अरबी आकडे, इसन्ने सबैन मया व अलफ म्हणजे दोन, सत्तर, शंभर, हजार, अकराशे बहात्तर, त्यात पाचशे नव्व्याण्णव मिळवले की मृगापासून सुरू होणारं १७७१-७२ साल, हे मला वर्गात नव्हे तर कुणा अनोळखी माणसाच्या घरच्या कागदावर कळलं. तो माणूस कागद पुसून गेला असता तर मी आजही ‘सबैन’ला ‘सबा’ म्हणत बसले असते आणि सत्तराचे सात केले असते. भीती आहे, मान्य. मग पहिल्यापासून सांगा, ‘दोन दिवसांनी काढून घेणार आहे.’ आम्ही तेवढ्यात उतरवून घेऊ, नावं गाळून.

एक नवीन प्रकार सुरू झालाय, तोही सांगून टाकते. लोक फोटो चॅटजीपीटीला देतात आणि जे येतं ते आमच्याकडे चिकटवतात : ‘हे बरोबर आहे का तेवढं बघा.’ त्यांना वाटतं आमचे कष्ट वाचवले. आजवर माझ्याकडे आलेल्या अशा वाचनांत मराठी इतकं गुळगुळीत होतं की वाचतच राहावं. फक्त ते कागदावर नव्हतं. गहाणखताच्या जागी ‘श्रीमंतांच्या आज्ञेवरून’ वगैरे. पुढेमागे यंत्रं सुधारतील, अगदी वाचतीलही. युनिकोडमध्ये मोडी २०१४ सालीच आली आहे, सोय होत जाणार. पण आजच्या घडीला मला कोरा कागद परवडतो. दुसऱ्याच्या ठाम चुका डोळ्यांपुढे असल्या की आपलाही डोळा त्याच वळणानं वाचायला लागतो.

आमच्या बाजूचंही एक. मागच्या वर्षी नंदुरबारकडच्या एका मुलीनं ग्रुपवर विचारलं, ‘मोडीत माझं नाव कसं लिहायचं, टॅटू करायचाय.’ तिला काय काय ऐकावं लागलं! लिपीचा अपमान, आजची पिढी, एकानं तर आख्खा निबंध. ती निघून गेली. मी ते सगळं वाचत होते आणि बोलले नाही. पाच अक्षरं लिहून द्यायला अर्धं मिनिट लागलं असतं. कदाचित तिच्या घरी माळ्यावर दप्तरही असेल. आता कोण जाणार विचारायला? आम्ही वर डकवलेले चौदा नियम तिनं वाचले नव्हते हे खरं. ते मीच लिहिलेत आणि मलाही आता सगळे आठवत नाहीत.

भरिताच्या पार्टीत जसं चालतं तसं चालावं, इतकंच मला वाटतं. शेतात पार्टी ठरली की कुणी वांगी आणतो, कुणी भाजायला कपाशीच्या काड्या, कुणाच्या घरून कळण्याच्या भाकरी. एखादा नुसताच येतो. त्याला कुणी उपाशी पाठवत नाही. पण तोसुद्धा निघताना फोन करून विचारतो, ‘काही आणू का?’ आणि विस्तवापाशी थोडा धूर खातो.

परवा धरणगावच्या एका तरुणानं कागद टाकला. दिवसाउजेडी काढलेले दोन फोटो, पुढचा आणि पाठचा, कडेला मोजपट्टी ठेवलेली. खाली लिहिलेलं : ‘आजीच्या ट्रंकेत सापडला. मला मोडी येत नाही, शिकायला वेळही नाही. आजी नव्वदीची आहे, तिला यात काय आहे ते ऐकायचंय. तक्ता बघून मी श्री, मौजे आणि बैल एवढे तीन शब्द लावले, चूकही असतील.’ त्यातला ‘बैल’ चुकला होता, ते ‘बेलदार’ होतं. पण त्या चुकीवरून मला कळलं की तो कुठल्या ओळीपाशी अडलाय आणि तिथून धरून सगळं उलगडत गेलं. विहिरीच्या खोदाईचा हिशोब निघाला. बेलदाराला दिलेले रुपये, त्यापुढे ‘२॥’, म्हणजे अडीच, कशाचे ते पुढच्या शब्दात.

संध्याकाळी त्यानं आजीचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला. विहीर तिला माहीत होती, आता बुजली म्हणाली. अडीच कशाचे ते तिलाही ठाऊक नाही. नाना म्हणतात ‘गूळ’, मेडिकलवाले म्हणतात ‘गज’. मला दोन्ही पटत नाहीत. सकाळी उन्हात परत फोटो काढून पाठवतो म्हणालाय.